आपल्या दारातल्या रस्त्याचा नंबर काय?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर आत्ता वाचा, नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या दारातला आहे.

आधी एक प्रश्न. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, येरमाळा करत बीडकडं जाणारा आपला मोठा रस्ता. त्याचा नंबर काय? गुगल करू नका, आठवून सांगा.

चाळिशीच्या पुढच्या बऱ्याच जणांच्या तोंडात "२११" आलं असणार. पोरांना बहुतेक काहीच आलं नसेल, कारण त्यांना रस्ता मोबाईल सांगतो. बरोबर उत्तर आहे ५२. २११ हा नंबर केंद्र सरकारनं २०१० सालीच काढून टाकला. त्या वर्षी देशातल्या सगळ्या राष्ट्रीय महामार्गांना नव्यानं नंबर दिले गेले. आपल्याला कळलंच नाही.

गंमत बघा. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा किती वर्षं चर्चा झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मंजुरी आली त्या दिवशी काय वातावरण होतं, तुम्हाला आठवत असेल. बाजूनं असो की विरोधात, मत नाही असा माणूस जिल्ह्यात सापडत नव्हता. आणि आपल्या अंगणातून जाणाऱ्या रस्त्याचा नंबर बदलला, तेव्हा चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी विषय काढला नाही. गाडीचा नंबर मात्र सगळ्यांना पाठ. पुण्यात ट्रॅफिकमध्ये पुढं एमएच २५ दिसली की आपण काच खाली करून हात करतो. रस्त्याच्या नंबरला कोण विचारतंय?

मी विचारायला लागलो त्याला कारण घडलं. ते पुढं सांगतो. आधी हे नंबर कसे पडतात ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की विसरत नाही.

जुनी पद्धत अशी होती की रस्ता जसजसा राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर होईल तसतसा नंबर वाढत जायचा. पहिल्या यादीतले मोठे रस्ते एक आकडी, दोन आकडी. आग्रा–मुंबई ३, पुणे–सोलापूर–हैदराबाद ९, मुंबई–गोवा १७. मागाहून आलेले तीन आकडी. सोलापूर–धुळे रस्ता रांगेत उशिरा आला म्हणून तो २११. त्या आकड्यावरून रस्ता देशात कुठं आहे, कुठल्या दिशेला जातो, काही कळायचं नाही. नुसता टोकन नंबर.

२०१० च्या पद्धतीत नियम आला. नियम दोन ओळींचा आहे.

एक, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला सम आकडा, आणि हे आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत जातात. म्हणून २ नंबर तिकडं ईशान्येत आसाम–मिझोरामकडं, श्रीनगर ते कन्याकुमारी ४४, आणि आपला कोकण किनारा ६६.

दोन, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्याला विषम आकडा, आणि हे आकडे उत्तरेकडून दक्षिणेकडं वाढतात. म्हणून १ नंबर काश्मीर–लडाखमध्ये, आणि ८७ नंबर खाली रामेश्वरमकडं.

आता हे महाराष्ट्रावर लावून बघा. धुळे–जळगाव–अकोला–नागपूर हा ५३. त्याच्या खाली कल्याण–अहिल्यानगर–परभणी–नांदेड हा ६१. त्याच्या खाली बार्शी–येडशी–लातूर–उदगीर हा ६३. त्याच्या खाली पुणे–सोलापूर–नळदुर्ग–उमरगा–हैदराबाद हा ६५. शिडीच्या पायऱ्यांसारखे आकडे खाली उतरत येतात. आणि ही शिडी उभी चिरत जाणारा आपला ५२, म्हणून तो सम.

अमेरिकेतसुद्धा अशीच शिडी आहे, पण उलटी. तिथल्या इंटरस्टेट रस्त्यांत उत्तर-दक्षिणला विषम आकडा, पूर्व-पश्चिमला सम, आणि मोजायला सुरुवात दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून. ५ नंबर पश्चिम किनाऱ्यावर आणि ९५ पूर्व किनाऱ्यावर. त्या रस्त्यांचा मोठा कायदा १९५६ चा, आणि आपला राष्ट्रीय महामार्ग अधिनियमही १९५६ चाच. इंग्लंडचं वेगळं. तिथं मुख्य रस्ते लंडनपासून निघतात आणि घड्याळाच्या काट्यासारखे मोजले जातात. तिथं सगळ्यांचं तोंड राजधानीकडं. आपल्या नियमात दिल्लीला असा मान नाही आणि मुंबईलाही नाही. रस्ता नकाशावर जिथं आहे त्यावर त्याचा नंबर. मला हे आवडलं. मागास म्हणून ज्या जिल्ह्याची आयुष्यभर ओळख ऐकली, त्या जिल्ह्यातला रस्ताही त्याच एका मापानं मोजलाय.

आता तीन आकडी नंबर. इथं बऱ्याच जणांचा घोळ होतो. सोपं करून सांगतो. शेवटचे दोन आकडे म्हणजे आडनाव, पहिला आकडा म्हणजे कितवं पोर. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळ बुटीबोरीला जाणारा रस्ता ३६१. म्हणजे ६१ चं तिसरं पोर. अकोला–नांदेड–देगलूर–संगारेड्डी हा १६१, ते थोरलं. पोरगं बापाच्या दारातूनच निघालं पाहिजे असं काही नाही. ३६१ निघतो तुळजापूरला ५२ वरून, संपतो बुटीबोरीला ४४ वर, आणि बापाची भेट होते मध्येच, नांदेडकडं.

त्याच्या पुढं एबीसीडी लागली की समजायचं नातवंडं. साताऱ्याहून म्हसवड, अकलूज, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा, कळंब, केज, धारूर करत वर विदर्भात जाणारा रस्ता ५४८ सी. औशाहून उमरगा, मुरूम, आलूर, अक्कलकोट करत कर्नाटकात संकेश्वरकडं जाणारा ५४८ बी. दोघांचं आडनाव ४८. तो मूळ ४८ म्हणजे दिल्ली–जयपूर–मुंबई–पुणे–बेंगळुरू–चेन्नई. तो आपल्या जिल्ह्याच्या आसपाससुद्धा फिरकत नाही, पण त्याची नातवंडं कळंबला आणि उमरग्याला नांदतात. एक साताऱ्यात ४८ ला भेटतो, दुसरा संकेश्वरला.

म्हणजे बघा, येडशीला ५२ आणि ६३ भेटतात. येरमाळ्याला ५२ आणि ५४८ सी. तुळजापूरला ५२ आणि ३६१. उमरग्याला ६५ आणि ५४८ बी. हे चार फाटे नुसते डोक्यात ठेवले तरी अर्धा जिल्हा समजतो. येडशीच्या चौकात उभं राहून उजवं-डावं केलं की एक रस्ता राजस्थान ओलांडून पार पंजाबात संगरूरला जातो. त्याचं दुसरं टोक कर्नाटकात अंकोल्याला अरबी समुद्राला टेकतं. एकूण लांबी सुमारे २,३०० किलोमीटर. दुसरा रस्ता लातूर, निजामाबाद, सिरोंचा, जगदलपूर करत ओडिशात शिरतो. आणि आपल्या उमरग्यावरून जाणारा ६५ थेट आंध्रात मछलीपट्टणमला बंगालच्या उपसागराला मिळतो. एकाच जिल्ह्यातून दोन समुद्रांना रस्ते. आपण त्यांना म्हणतो काय, तर "सोलापूर रोड" आणि "हैदराबाद रोड".

नियम सगळीकडं चोख बसतो असं मात्र नाही. नकाशा पसरून बसलो तेव्हा मला एक कोडं पडलं. सम आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढतात, मग ४८ हा ५२ च्या पूर्वेला पाहिजे. पण पुणे तर आपल्या पश्चिमेला! दोन्ही रस्त्यांवर बोट फिरवत वर गेलो तेव्हा उलगडलं. ४८ सुरू होतो दिल्लीला आणि ५२ सुरू होतो त्याच्या पश्चिमेला, पंजाबात. तिथं क्रम बरोबर आहे. जयपूरला दोघं एकमेकांना ओलांडतात आणि बाजू बदलतात. खाली हुबळीला पुन्हा ओलांडतात. म्हणजे आपल्या भागात क्रम उलटा दिसतो, पण मुळाशी बरोबर आहे. वारीत दिंड्या मागं-पुढं होतात, तरी प्रत्येकीचा नंबर ठरलेला असतो, तसंच हे.

आता कारण सांगतो.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, असली कामं. काही वर्षांमागं एक काका आले. गाव सांगत नाही, रस्ताही सांगत नाही. त्यांच्याकडं पेपरचं कात्रण होतं, चार घड्या घातलेलं. म्हणाले, "बाबा, हे जरा वाचून सांग. पाव्हणा म्हणला, ह्यात तुमचा गट नंबर हाय."

होता. भूसंपादनाची जाहीर नोटीस होती. वर लिहिलं होतं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक अमुक, साखळी क्रमांक अमुक ते अमुक. खाली बारीक अक्षरात गावांची आणि गटांची यादी. मी तारीख बघितली. महिना उलटून गेला होता.

कायद्यात असं आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर आधी "थ्री-ए"ची अधिसूचना निघते. तिचा गोषवारा दोन स्थानिक पेपरांत छापावा लागतो, त्यातला एक स्थानिक भाषेतला. तिथून २१ दिवसांच्या आत हरकत घ्यायची. त्यानंतर "थ्री-डी" निघाली की जमीन केंद्र सरकारची. मग भांडण उरतं ते मोबदल्याचं. जमीन घेऊ नका, रेषा जरा सरकवा, विहीर वाचवा, हे म्हणायची वेळ ती २१ दिवसांचीच.

काकांना विचारलं, पेपर बघितला नव्हता का? म्हणाले, "बघितला की! पारावर पेपर येतोय रोज. पण त्यो नंबर कुटला तरी लांबचा वाटला. आमच्याकडं त्याला मोठी सडक म्हणत्यात."

ह्या एका वाक्यावर मी किती रात्री विचार केला असेन. माणूस अडाणी नव्हता. सातवी शिकलेला, रोज पेपर वाचणारा. नोटीस कायद्याप्रमाणं छापली होती, त्यात खोट काढता येणार नाही. पण नोटिशीतला रस्ता आणि काकांच्या बांधाशेजारचा रस्ता एकच आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती मोठी सडक, कार्यालयाच्या लेखी तो एक आकडा.

आम्ही अर्ज लिहिला. रेषेत विहीर येत होती, ती वाचवा एवढंच मागणं. कार्यालयानं अर्ज घेतला, पोच दिली. उत्तर आलं नाही. विहीर गेली. मोबदला मिळाला, नाही म्हणत नाही. पण त्या विहिरीवर भिजणारी उरलेली दीड एकर कोरडी पडली, तिचा हिशोब कुठल्याच रकान्यात नव्हता. आपल्या भागात विहिरीचं पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

वेळेत हरकत घेतली असती तर विहीर वाचलीच असती का? मी छातीठोक सांगणार नाही. पण ऐकून तरी घ्यावं लागलं असतं. कायद्यानं त्यांना तेवढा हक्क दिला होता आणि तो एका अनोळखी आकड्यामागं लपून गेला.

तेव्हापासून माझ्या दुकानात कुणीही नोटीस घेऊन आला की मी आधी रस्त्याचा नंबर आणि गावातलं नाव जुळवून देतो. "हा नंबर म्हणजे तुमच्या पाठीमागचा रस्ता बरं का."

नंबर माहीत असण्याचे बाकीचेही उपयोग आहेत. खड्ड्याचं घ्या. राष्ट्रीय महामार्ग म्हटलं की आपण समजतो, चौपदरी असणार आणि दिल्लीवाले सांभाळणार. तसं नाही. काही राष्ट्रीय महामार्ग महामार्ग प्राधिकरणाकडं असतात, काही राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागातल्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडं. काही चौपदरी, काही अजून दुपदरी. तक्रार चुकीच्या दारात गेली की "हा रस्ता आमच्याकडं येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. तक्रारीत नंबर आणि किलोमीटर टाकला की हा फुटबॉल कमी होतो. मैलाच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. एवढ्यानंसुद्धा कुठलं दार वाजवायचं ते निम्मं कळतं.

अपघाताचं तर सांगायलाच नको. रात्री गाडी पलटी झाली, बघणाऱ्यानं १०८ ला फोन लावला. समोरचा विचारतो, कुठं? हा सांगतो, "बायपासला, ढाब्याच्या पुढं." कुठला बायपास? कुठला ढाबा? फोन घेणारा माणूस आपल्या तालुक्यातला नसतो. तुळजापूरचा माणूस ज्याला सोलापूर रोड म्हणतो, त्यालाच सोलापूरचा माणूस तुळजापूर रोड म्हणतो. धाराशिवचे लोक म्हणतात तुळजापूर रोड, तुळजापूरचे लोक म्हणतात धाराशिव रोड. रस्त्याला आपण नेहमी पुढच्या गावाचं नाव देतो, म्हणून एकाच रस्त्याला दहा नावं. नंबर मात्र कुठंही उभं राहा, एकच. "५२ नंबर, किलोमीटर अमुक, तोंड बीडकडं" एवढं सांगता आलं तर मिनिटं वाचतात, आणि त्या वेळी मिनिटांनाच किंमत असते. महामार्गावरच्या मदतीसाठी प्राधिकरणाचा १०३३ हा नंबरही मोबाईलमध्ये ठेवा.

कुणी म्हणेल, गावाकडची नावंच बरी, आकड्यांत माया नसते. मलाही ती नावं प्रिय आहेत. रस्त्याला गावाचं नाव देण्याची आपली सवय फार जुनी आहे. आपलं तेर, जुनं नाव तगर. साधारण २,००० वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापारी पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, त्याचा पत्ता दिलाय. पैठणच्या पूर्वेला १० दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. किती दिवस चालायचं, हाच तेव्हा रस्त्याचा नंबर. हैदराबाद रोड म्हणताना आपल्याला निजामाचं राज्य आठवतं, लातूर रोड म्हणताना १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं ते आठवतं. ही नावं जाऊ नयेत. पण फोनवर, अर्जावर आणि नोटिशीवर नावाच्या सोबत नंबरही पाहिजे, आणि नंबराच्या सोबत नाव पाहिजे. दोन्ही.

पुढं तर हे आणखी लागणार आहे. नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत तुळजापूर आहे, त्यावरून शेतकऱ्यांत किती अस्वस्थता आहे ते रोज वाचताय. त्या रस्त्याच्या बाजूनं किंवा विरोधात ही पोस्ट नाही. कुठल्याही रस्त्याची आखणी आली तरी आपल्या गटापर्यंत ती कधी आणि कुठल्या नावानं पोचली, हे आपल्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

म्हणून तीन मागण्या करतोय. त्यांना पैसा फारसा लागत नाही.

१) भूसंपादनाच्या प्रत्येक जाहीर नोटिशीत महामार्गाच्या नंबरासोबत लोकांच्या तोंडातलं रस्त्याचं नाव ठळक अक्षरात छापा. तीच नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि गावात दवंडी द्या.

२) येडशी, येरमाळा, तुळजापूर, उमरगा अशा फाट्यांवर दोन्ही रस्त्यांचे नंबर, आणि तो रस्ता शेवटी कुठं जातो ते, मराठीत मोठ्या फलकावर लिहा.

३) शाळांत एक तास ठेवा. चौथी-पाचवीच्या पोरांना जिल्ह्याचा नकाशा देऊन आपल्या गावाजवळचा महामार्ग रंगवायला सांगा. सम की विषम, ते पोरं पाच मिनिटांत शिकतील आणि घरी जाऊन आजोबांना शिकवतील. आमच्याकडं पुतणीनं हेच केलं. आता तीच मला विचारते, "काका, ३६१ चा बाप कोण?"

ग्रामसेवक, सरपंच, शिक्षक, पत्रकार मित्र ह्या पोस्टवर आहेत. तुमच्या हातात ह्यातलं जे असेल ते करा. बाकीच्यांनी एवढंच करा, आपल्या गावाचं नाव, गावात त्या रस्त्याला काय म्हणतात ते, आणि त्याचा नंबर कमेंटमध्ये लिहा. सगळे तालुके आले की मी एका पानावर यादी करून पीडीएफ टाकतो. ती प्रिंट काढून पारावर चिकटवा. प्रिंट पाहिजे असेल तर दुकानात या, तिचे पैसे घेणार नाही.